फिनुकेन प्रकरण आणि सुंदरलाल अहवाल: सरकारला जाब विचारायचा तो नेमका कशाचा?

हैदराबादरोड (धागालेखक)

११ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनचे उत्तर आयर्लंड खात्याचे मंत्री हिलरी बेन यांनी पॅट फिनुकेन यांच्या हत्येची वैधानिक सार्वजनिक चौकशी करण्याची घोषणा केली. फिनुकेन हे बेलफास्टमधले वकील होते. १२ फेब्रुवारी १९८९ च्या रविवारी ते पत्नी आणि तीन मुलांसमवेत घरी जेवत असताना बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी १४ गोळ्या झाडल्या. मारेकरी ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटाचे होते, याविषयी पहिल्या दिवसापासून वाद नव्हता. त्या गटाला माहिती कोणी पुरवली, हत्यारे कोणाच्या हातून आली आणि कट आधीच ठाऊक असलेल्या सरकारी यंत्रणेने फिनुकेन यांना सावध का केले नाही, हे खरे प्रश्न होते. ते विचारायला कुटुंबाला पस्तीस वर्षे झगडावे लागले.

या पस्तीस वर्षांत जे बाहेर आले ते थोडक्यात नोंदवतो. हत्येच्या काही आठवडे आधी डग्लस हॉग या कनिष्ठ मंत्र्यांनी संसदेत म्हटले होते की उत्तर आयर्लंडमधल्या काही वकिलांना ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेबद्दल वाजवीपेक्षा जास्त सहानुभूती आहे. सावज हेरण्याचे काम करणारा ब्रायन नेल्सन लष्कराच्या गुप्तहेर तुकडीच्या पगारावर होता. हत्यार पुरवणारा विल्यम स्टोबी पोलिसांचा खबऱ्या होता. त्याच्यावरचा खटला नोव्हेंबर २००१ मध्ये कोसळला आणि पुढच्याच महिन्यात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. चौकशी अधिकारी जॉन स्टीव्हन्स नेल्सनला ताब्यात घेणार होते, त्याच्या आदल्या रात्री, जानेवारी १९९० मध्ये, त्यांच्याच कार्यालयाला आग लागली. ती मुद्दाम लावली गेली होती, असे स्टीव्हन्स यांचे मत होते. २००३ मध्ये त्यांनी राज्ययंत्रणेच्या संगनमताचा निष्कर्ष लेखी दिला. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने नेमलेल्या डेस्मंड डिसिल्वा या वकिलांचा अहवाल आला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्या सशस्त्र गटाकडची सुमारे ८५ टक्के गुप्त माहिती सुरक्षा दलांकडूनच गेलेली होती, असे त्यात नमूद होते. पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली, पण सार्वजनिक चौकशी मात्र नाकारली.

हे सर्व सोलापूरकरांपुढे मांडण्याचे कारण आपल्या दारातले आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादवर निघालेल्या भारतीय सैन्याचा मुख्य स्तंभ सोलापुरातूनच कूच करून गेला आणि त्याच दिवशी त्याने नळदुर्ग घेतला. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. आपण दर वर्षी १७ सप्टेंबर साजरा करतो आणि तो करायलाच हवा, कारण त्या दिवशी एका जुलमी राजवटीचा अंत झाला. मात्र त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. त्यांची पाहणी करण्यासाठी पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह एक सद्भावना शिष्टमंडळ पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात शिष्टमंडळाने सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले, आणि जिथे जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. मृतांचा त्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. लातुरात हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालू होत्या, असे अहवाल सांगतो. सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या काही लोकांनी लुटीला चिथावणी दिली, काही ठिकाणी स्वतःही भाग घेतला, आणि मुसलमानांची हत्यारे काढून घेताना इतरांची मात्र अनेकदा त्यांच्याजवळच राहू दिली, हेही त्यात आहे. त्याच अहवालात अनेक सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या चांगल्या वागणुकीची दखलही आहे.

अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीतल्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला, म्हणजे तो आता गुपित राहिलेला नाही. परंतु ग्रंथालयाच्या कपाटात सापडलेला कागद वेगळा आणि सरकारने हा आमचा कागद आहे असे सांगून जनतेसमोर ठेवलेला अहवाल वेगळा. माझी मागणी या दुसऱ्या गोष्टीची आहे. केंद्र सरकारने हा अहवाल, त्याची परिशिष्टे आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची फाइल अधिकृतपणे प्रसिद्ध करावी. शिक्षा करायला आज कोणी हयात नाही, परंतु राज्यसंस्था हयात आहे. सभासदांनी मत द्यावे.

सीनाकाठ

धागालेखकांचा सूर संयत आहे, तरी मला एक गोष्ट खटकली. सप्टेंबर १९४८ पासून गोष्ट सुरू केली की त्याआधीचे वर्ष आपोआप गळून पडते. माझ्या आजीचे माहेर तुळजापूर तालुक्यातले. रझाकारांच्या भीतीने १९४८ च्या उन्हाळ्यात ते कुटुंब रातोरात सोलापूरच्या हद्दीत आले. ज्वारी पेवात तशीच ठेवून पेवाचे तोंड शेणमातीने लिंपून घेतले होते, अशी आजीची आठवण होती. दिवाळीनंतर परतल्यावर पेव उकरलेले आणि घराच्या तुळया काढून नेलेल्या आढळल्या. त्याच वर्षी मे महिन्यात बीदरकडच्या गोरट्याला हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाला रझाकारांनी हैदराबादेत ठार केले, कारण तो विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. रझाकारही निजाम सरकारच्या कृपेने वाढले होते. मग राज्यसंस्थेच्या संगनमताचा विचार करताना निजामाचे राज्य त्यातून वगळायचे कशासाठी? दोन्ही राजवटींच्या काळातले कागद एकत्र निघणार असतील तरच माझा पाठिंबा राहील.

साखरपेठ

सीनाकाठ यांच्या आजीची हकीकत मी आदराने वाचली. माझे पणजोबा उस्मानाबादकडचे मोमीन विणकर होते. ते त्याच वर्षी ऑक्टोबरात सोलापुरात आले, आणि येताना त्यांनी मागाचे फक्त धोटे आणले होते, माग तिथेच राहिला. ज्या पद्मशाली मालकाच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले, त्याने पहिले दोन महिने मजुरी आगाऊ दिली होती, हे आमच्या घरात आजही सांगितले जाते. सुंदरलाल अहवालातही विणकरांचा उल्लेख आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान सहव्यावसायिकांना वाचवले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले, अशी त्यात नोंद आहे. अहवाल दडवल्यामुळे मारणाऱ्यांबरोबर ही माणसेही अंधारात गेली.

मला नुकसानभरपाई नको आहे आणि कोणाच्या नातवाला दोषही द्यायचा नाही. पणजोबांचे दोन भाऊ कुठे मारले गेले आणि त्यांची नोंद कोणत्या दप्तरात झाली, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. सीनाकाठ यांची अट मला पूर्ण मान्य आहे.

होटगीरोड

मी स्पष्ट विरोध नोंदवतो. ७५ वर्षांपूर्वीच्या जखमेवरची खपली काढून सोलापुरात काय साधणार आहे? या शहराने दंगलीही पाहिल्या आहेत आणि संचारबंदीही भोगली आहे. आकडे हाती पडले की त्यांचा वापर कोण आणि कसा करेल, हे आपण दर निवडणुकीत पाहतो. ब्रिटनसारख्या प्रगत लोकशाहीलाही २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षाची जुनी प्रकरणे बंद करणारा कायदा करावा लागला, हे धागालेखकांनी सोयीस्करपणे सांगितलेले नाही.

वकिलीबाणा

होटगीरोड यांनी उल्लेखिलेला कायदा खरा आहे, पण त्याची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्या कायद्याने १ मे २०२४ नंतर जुन्या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकश्या थांबवल्या आणि माहिती देणाऱ्यांना माफीची सोय ठेवली. ती माफी मानवी हक्कांच्या करारात बसत नाही, असा निकाल बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला. आयर्लंड सरकारने तर ब्रिटनविरुद्ध थेट युरोपीय न्यायालयात दाद मागितली. उत्तर आयर्लंडमधल्या एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनीही या कायद्याला विरोध केला. आयआरएच्या हातून मेलेल्यांच्या घरच्यांनाही हे दार बंद व्हायला नको होते. सीनाकाठ आणि साखरपेठ यांचे वर जे एकमत झाले, ते म्हणूनच मला योगायोग वाटत नाही.

आता आपल्याकडच्या अनुभवाकडे वळतो. काळ लोटला एवढ्याच कारणाने सरकारी हातून झालेल्या संशयित हत्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये मणिपूर प्रकरणात घेतली. त्या याचिकेत १,५२८ मृत्यूंचा प्रश्न होता. न्यायालयाने नेमलेल्या संतोष हेगडे आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली, आणि सहापैकी एकही चकमक खरी ठरली नाही. मेरठजवळच्या हाशिमपुरा हत्याकांडात, २२ मे १९८७ च्या घटनेसाठी, उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातील १६ जणांना शिक्षा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. आधी खालच्या न्यायालयाने सर्वांना सोडले होते. त्या दिवशी कोणती तुकडी आणि कोणते जवान कामावर होते हे दाखवणारे दलाचे दैनंदिन नोंदीचे दप्तर अपिलाच्या टप्प्यावर समोर आले, तेव्हा चित्र पालटले.

पंजाबचे उदाहरण याहून नेमके आहे. मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांच्या हाती अमृतसर परिसरातल्या स्मशानांची नगरपालिकेकडची दप्तरे लागली. बेवारस म्हणून पोलिसांनी आणलेली प्रेते किती, त्यांच्यासाठी लाकूड किती घेतले आणि पैसे कोणी दिले, याच्या त्यात नोंदी होत्या. स्मशानाच्या लाकडाचा हिशेब लपवावा असे कोणाला सुचलेच नव्हते. सप्टेंबर १९९५ मध्ये खालडा यांना घरासमोरून उचलून नेण्यात आले आणि त्यांची हत्या झाली. पुढे त्यासाठी पोलिसांना शिक्षाही झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात तीन स्मशानांतल्या अशा २,०९७ दहनांची नोंद निघाली. तात्पर्य, लष्कराची गुप्त फाइल मागण्याआधी महसुलाची, धान्यवाटपाची आणि निर्वासितांच्या छावण्यांची कागदपत्रे मागावीत.

आणखी एक तांत्रिक मुद्दा राहिला. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. त्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर असते. सुंदरलाल शिष्टमंडळ त्याआधीचे असून ते कोणत्याही कायद्याखाली नेमलेले नव्हते. त्यामुळे "अहवाल संसदेत का मांडला नाही" हा युक्तिवाद इथे चालणार नाही.

मंगळवारपेठ

या विषयात १९१९ चा दाखला घ्यायलाच हवा. जालियनवाला बाग आणि पंजाबातल्या लष्करी कायद्याच्या चौकशीसाठी हंटर समिती ऑक्टोबरात जाहीर झाली. अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा मात्र सरकारने सप्टेंबरातच मंजूर करून घेतला होता. म्हणजे माफी आधी आणि चौकशी मागाहून. काँग्रेसने तेव्हा सरकारी चौकशीवर विसंबून न राहता स्वतःची समिती बसवली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासह आपले मुकुंदराव जयकर होते. लोकांचे जबाब घेऊन १९२० मध्ये त्यांनी अहवाल छापूनही टाकला.

मे १९३० मध्ये सोलापुरात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यापाठोपाठ लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. परक्या सरकारला जाब विचारण्याची या शहराला सवय आहे. आपल्या सरकारला तोच प्रश्न विचारताना आपण का कचरतो, असे मला होटगीरोड यांना विचारावेसे वाटते. (अवांतर: चार हुतात्म्यांच्या पुतळ्याशी दर जानेवारीत भाषणे होतात, पण १९३० च्या गोळीबारात मेलेल्या सामान्य माणसांची पूर्ण यादी मी तिथे कधीही ऐकलेली नाही.)

होटगीरोड

मला कचरणे मान्य नाही, मला सावधपणा मान्य आहे. तरीही दोन्ही बाजूंच्या नोंदी माहिती अधिकाराच्या एकाच अर्जात मागितल्या जात असतील तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो. मात्र अर्जातली भाषा आरोपाची नसावी.

हैदराबादरोड (धागालेखक)

सीनाकाठ यांचा आक्षेप मी मूळ मागणीतच सामील करून घेतो. निजाम सरकारच्या आश्रयाने रझाकारांनी केलेल्या हत्या आणि सप्टेंबर १९४८ नंतरच्या हत्या, या दोहोंच्या नोंदी मागायच्या. तरीही या दोन्हींत एक फरक आहे आणि तो पुसता येणार नाही. रझाकारांच्या प्रमुखावर, म्हणजे लातूरच्या कासिम रझवीवर, खटले चालले, त्याला शिक्षा झाली, आणि १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. निजामाची राजवट तर संपलीच. दुसऱ्या बाजूची यंत्रणा आजही तीच आहे, तिचे दप्तरखाने तिच्याच ताब्यात आहेत, आणि उत्तर देण्याचे बंधन केवळ तिच्यावरच येऊ शकते. फिनुकेन यांच्या पत्नी जेराल्डीन स्वतः त्या गोळीबारात जखमी झाल्या होत्या. मारेकऱ्यांपैकी केन बॅरेटला २००४ मध्ये शिक्षा झाली आणि तो दोन वर्षांत सुटला, तरी त्यांनी लढा सोडला नाही, याचे कारण हेच होते. गोळी झाडणारा सापडला म्हणून ज्याच्या माहितीवर ती झाडली गेली, तो प्रश्न मिटत नाही.

कॅमेरन यांच्या माफीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडेही उद्या कोणी "झाले गेले, खेद आहे" असे म्हणून हात झटकू शकेल. ती माफी मनापासूनची नव्हती असे मी म्हणणार नाही. पण तिचा आधार असलेला डिसिल्वा अहवाल बंद खोलीत कागद वाचून तयार झाला होता. कुटुंबाच्या वकिलांना एकाही अधिकाऱ्याची उलटतपासणी करता आली नाही. राज्यसंस्थेने एकसंध कट रचला नव्हता, असाही निष्कर्ष त्यात होता, आणि तो तपासून पाहण्याची संधी कोणालाच मिळाली नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याला अभिप्रेत असलेली परिणामकारक चौकशी या प्रकरणात अजून झालेलीच नाही. त्यानंतरही २०२० मध्ये सरकारने पुन्हा नकार दिला. सरकार आपणहून सगळे कधीच देत नाही, ते हप्त्याहप्त्याने देते आणि प्रत्येक हप्ता शेवटचा म्हणून देते.

अर्जाचा कच्चा मसुदा असा आहे: "(१) १९४८ च्या सुंदरलाल शिष्टमंडळाचा अहवाल दडपण्यास जबाबदार कोण? (२) तो प्रसिद्ध का केला नाही? (३) दोषींवर काय कारवाई झाली? (४) रझाकारांच्या अत्याचारांची अधिकृत आकडेवारी द्यावी."

वकिलीबाणा

हा मसुदा तीस दिवसांत एका ओळीच्या उत्तराने परत येईल. माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला अभिलेख मागता येतो, "का" आणि "जबाबदार कोण" याचे स्पष्टीकरण मागता येत नाही. कागद मागावा म्हणजे "का" आपोआप त्यातून निघते. सुधारित मसुदा देतो.

"(१) हैदराबाद संस्थानाला १९४८ मध्ये भेट दिलेल्या सुंदरलाल शिष्टमंडळाचा अहवाल व त्याची सर्व परिशिष्टे यांची प्रमाणित प्रत. (२) सदर अहवाल ज्या फाइलमध्ये हाताळला गेला, तिच्यातील टिपण्या व पत्रव्यवहार यांच्या प्रती. (३) १३ सप्टेंबर १९४८ ते ३१ डिसेंबर १९४९ या काळात उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा व नांदेड जिल्ह्यांतील मृत्यू, लूट व अटक यांसंबंधी लष्करी राज्यपालांच्या कार्यालयाकडून आलेल्या अहवालांची सूची. (४) १ ऑगस्ट १९४७ ते १३ सप्टेंबर १९४८ या काळात रझाकारांच्या हिंसेबाबत संस्थान खात्याकडे जमा झालेल्या अहवालांची सूची. (५) वरीलपैकी जे अभिलेख नष्ट केले असतील, त्यांच्या नाशाच्या आदेशाची प्रत."

पाचवा मुद्दा कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. अर्ज गृह मंत्रालयाकडे करावा, कारण संस्थान खाते १९५५ मध्ये त्यातच विलीन झाले. कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे असल्यास अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणे कलम ६(३) नुसार त्यांना बंधनकारक आहे. सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल, हे गृहीत धरावे. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती कलम ८(३) खाली खुली होते, पण सार्वभौमत्व आणि सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद तिथेही शिल्लक राहतात. नकार आला तर पहिले अपील तीस दिवसांच्या आत करावे लागते, हे आताच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.

साखरपेठ

जिल्हा पातळीवरची निजामकालीन दप्तरे उर्दूत आहेत. आमच्या भागात ती लिपी वाचणारे दोन निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांनी मदतीची तयारी दाखवली आहे. धाराशिवच्या अभिलेख कक्षासाठी वेगळा अर्ज माझ्या नावाने मी करतो. त्यात १९४८ आणि १९४९ मधील बेवारस जमिनींच्या नोंदी मागेन.

सीनाकाठ

त्या अर्जात आमच्या गावाचाही सर्व्हे क्रमांक घालावा, तो मी आपणास व्यक्तिगत निरोपाने कळवतो. मुद्दा (४) मधली तारीख आमच्या घरच्या हकिकतीशी जुळते, त्यामुळे माझी हरकत आता उरलेली नाही.

हैदराबादरोड (धागालेखक)

वकिलीबाणा यांचा मसुदा जसाच्या तसा स्वीकारला आहे. गृह मंत्रालयाचा अर्ज दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह सोमवारी स्पीड पोस्टाने जाईल. पोच आणि उत्तर, उत्तर कसेही असले तरी, याच धाग्यावर चिकटवीन. होटगीरोड यांनी अर्जाची भाषा एकदा तपासून द्यावी, अशी विनंती आहे.

होटगीरोड

तपासली. मुद्दा (३) मध्ये "लूट" या शब्दानंतर "व स्थलांतर" हे दोन शब्द घालावेत, बाकी ठीक आहे.